नुंगंबाक्कमचा खांब : तक्रारीपासून उत्तरापर्यंत

अभियंत्याकडे प्रश्न सहसा प्रश्नाच्या रूपात येत नाही. तो तक्रारीच्या रूपात येतो. नदीपलीकडच्या गावाचा पावसाळ्यात संपर्क तुटतो, गिरणीतील यंत्र वारंवार तापते, बंदराकडे येणारी जहाजे वाट चुकतात. यांपैकी एकही वाक्य जसेच्या तसे सोडविता येत नाही. पूल पुराच्या किती उंचीपर्यंत टिकावा, यंत्राचे तापमान किती अंशांच्या आत राहावे, जहाजाची जागा किती मैलांपर्यंत अचूक कळावी, हे ठरले म्हणजे तक्रारीचा प्रश्न होतो. अभिकल्प म्हणजे केवळ कागदावरचा आराखडा नव्हे. त्यातील अवघड भाग पुष्कळदा या रूपांतरातच असतो, आणि आराखड्याची पहिली रेघ ओढण्यापूर्वीच तो पार पडलेला असतो.

चेन्नई शहराच्या नुंगंबाक्कम भागात, हवामान खात्याच्या प्रादेशिक केंद्राच्या आवारात, ग्रॅनाइटचा एक खांब उभा आहे. त्याचे वजन सुमारे दहा टन असून त्यावर १७९२ हे वर्ष आणि मायकेल टॉपिंग हे नाव कोरलेले आहे. आज या खांबावर काहीही ठेवलेले नाही. परंतु तक्रारीपासून उत्तरापर्यंतचा प्रवास कसा होतो, हे समजून घेण्यास याहून चांगले उदाहरण आपल्या देशात क्वचितच सापडेल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास हे ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते, पण तेथे नैसर्गिक बंदर नव्हते. जहाजे उघड्या समुद्रात नांगर टाकीत आणि माल होड्यांतून लाटांवरून किनाऱ्यावर आणला जाई. चोळमंडलचा किनारा सपाट, खुणांवाचून असलेला, नकाशे अविश्वसनीय. खलाशांची तक्रार साधी होती : आपण नेमके कोठे आहोत, हे कळत नाही. टॉपिंग हा कंपनीच्या सेवेतील सर्वेक्षक. त्याने हा किनारा स्वतः मोजला होता. किनाऱ्यावरील ठिकाणांची परस्परांतील अंतरे कितीही काळजीपूर्वक काढली, तरी त्यांतील एखादे तरी ठिकाण पृथ्वीच्या पाठीवर पक्के बसविल्यावाचून सगळा नकाशा जणू तरंगता राहतो, ही अडचण अशा कामात उघडी पडते.

अक्षांश काढणे तुलनेने सोपे होते. सूर्याची किंवा ताऱ्याची उंची मोजली की तो मिळतो. खरी अडचण रेखांशाची. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. म्हणून दोन ठिकाणांच्या रेखांशांतील फरक म्हणजेच त्यांच्या स्थानिक वेळांतील फरक होय. यावरून अचूकतेचे मापही निघते. मद्रासच्या अक्षांशावर वेळेतील एका सेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे साडेचारशे मीटरांची चूक. खलाशांच्या तक्रारीचा आता प्रश्न झाला होता : या किनाऱ्यावर एक अशी जागा हवी, जेथील स्थानिक वेळ वर्षानुवर्षे, सेकंदाच्या लहानशा अंशापर्यंत, निःशंकपणे सांगता येईल.

उत्तर शोधताना अभियंत्याला कोरा कागद क्वचितच मिळतो. हाताशी काय आहे, यावर बरेच काही ठरते. कंपनीचा अधिकारी विल्यम पेट्री याने १७८६ मध्ये एग्मोर येथे खाजगी वेधशाळा थाटली होती आणि तीन वर्षांनी त्याने आपली उपकरणे सरकारला दिली. त्यांत दोन लहान दुर्बिणी, खगोलशास्त्रीय घड्याळे आणि ताऱ्याचे याम्योत्तर-लंघन टिपणारे एक उपकरण होते. म्हणजे यंत्रे निवडण्याचा प्रश्न बव्हंशी सुटलेलाच होता. उरला होता तो त्यांना आधार देण्याचा, आणि वरवर पाहता तो गवंड्याचा प्रश्न वाटतो.

तो तसा नव्हता. याम्योत्तरावर फिरणाऱ्या दुर्बिणीचा अक्ष आडवा असतो. तो एक मीटर लांब आहे असे मानले आणि त्याचे एक टोक दुसऱ्यापेक्षा केवळ ०·०७ मिलिमीटरने खाली बसले, तर डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्याच्या वेळेत जवळजवळ एका सेकंदाची चूक होते. लाकडी घोडी पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. विटांचे बांधकाम ओल शोषते. जमिनीवर निरीक्षकाचे पाऊल पडले तरी कंप पोहोचतो. जड, एकसंध आणि मंदपणे तापणारा पदार्थ हवा होता. ग्रॅनाइटमध्ये हे तिन्ही गुण आहेत. १७९२ मध्ये नुंगंबाक्कमला वेधशाळा उभी राहिली. तिची मुख्य इमारत म्हणजे एक साधी खोली. तिच्यातील महत्त्वाचा भाग छत नव्हते, भिंती नव्हत्या. तो हा खांब होता.

स्थैर्याच्या याच प्रश्नाला याच देशात दुसरे एक उत्तर आधी दिले गेले होते. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्ली, जयपूर व अन्यत्र वेधशाळा उभारल्या. तेथे आधार आणि उपकरण वेगळे नाहीतच. दगड-चुन्याची वास्तू हेच उपकरण. जयपूरच्या सम्राट यंत्राची उंची सुमारे २७ मीटर असून त्यावर दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. त्याहून बारीक वाचन मात्र साधत नाही, कारण सूर्यबिंबाला रुंदी असल्यामुळे सावलीची कड पुसट पडते. यंत्र आणखी मोठे केले तरी कड पुसटच राहणार. टॉपिंगच्या मांडणीत दगडाने फक्त स्थिर राहावयाचे होते. मोजण्याचे काम काचेकडे आणि पितळेकडे होते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी विचारपूर्वक दिलेली आहेत, पण सुधारणेला वाव दुसऱ्यातच होता : खांब तसाच ठेवून दुर्बीण बदलता येते. खांबावरील लेखात मात्र आशियात गणिती शास्त्रांचे बीज इंग्रजांच्या औदार्याने प्रथमच रुजले, अशा अर्थाची बढाई आहे. आर्यभट आणि भास्कराचार्य यांच्या देशात ती कोरताना कोणाचा हात अडखळला नाही, याचे नवल वाटते.

टॉपिंग १७९६ मध्ये वारला. त्याने १७९४ मध्ये सुरू करविलेली सर्वेक्षणाची शाळा हीच पुढे वाढत जाऊन गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालय झाली. वेधशाळेची सूत्रे जॉन गोल्डिंगहॅम याच्याकडे आली, आणि उत्तराची परीक्षा घेण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. स्थानिक वेळ मिळत होती. ती ग्रिनिचच्या वेळेशी ताडून पाहावयाची होती. तार नव्हती. म्हणून दोन्हीकडून एकाच क्षणी दिसणारी आकाशातील घटना शोधावी लागे. गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे हे असे आकाशातील घड्याळ. १८०२ मध्ये मद्रासचा रेखांश ८०° १८′ ३०″ असा ठरविण्यात आला. वेळेत मांडल्यास ग्रिनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे १४ सेकंद.

त्याच वर्षी विल्यम लॅम्ब्टन याने सेंट थॉमस माउंटजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजून भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ केला. रेखांशासाठी त्याने आधार घेतला तो नुंगंबाक्कमच्या वेधशाळेचा. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचा पाया झाले. लॅम्ब्टनच्या हातात १०० फूट लांबीची पोलादी साखळी होती. पोलाद तापले की वाढते. तापमान दहा अंश सेल्सिअसने चढले तर अशा साखळीत सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढ होते. साडेसात मैलांत तिचे जवळजवळ दीड मीटर होतात. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, उन्हापासून झाकून, तापमापकांसह मोजणी केली जाई आणि मागाहून हिशेबात दुरुस्ती केली जाई. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने साखळीच सोडली. पितळ व लोखंड यांच्या असमान प्रसरणाचा उपयोग करून ज्यांची लांबी उष्णतेने बदलत नाही, अशा जोडपट्ट्या त्याने वापरल्या. चूक हिशेबात वजा करणे आणि चूक होऊच न देणे, असे हे दोन मार्ग आहेत. दुसरा महाग पडतो.

लॅम्ब्टनचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर तो चढविताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि कोन मोजण्याचे वर्तुळ वाकले. बदली यंत्र इंग्लंडहून येण्यास वर्षे लागली असती. लॅम्ब्टनने तंबूत सुमारे सहा आठवडे बसून ते वर्तुळ हळूहळू मूळ आकारावर आणले व काम पुढे नेले. तो १८२३ मध्ये, काम उत्तरेकडे नेत असतानाच, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची समाधी तेथेच आहे.

आता रेखांशाकडे परत यावे लागेल, कारण तेथे काहीतरी चुकले होते. गुरूचा उपग्रह सावलीत एकदम नाहीसा होत नाही. तो मंदावत जातो. मोठ्या दुर्बिणीला तो अधिक वेळ दिसतो, लहान दुर्बिणीला लवकर दिसेनासा होतो. म्हणून दोन ठिकाणच्या नोंदींचा ‘एकच क्षण’ खरोखर एकच नसतो, आणि ही चूक निरीक्षणे वाढवून पुरती जात नाही. सर्वेक्षणाने पुढे मद्राससाठी ८०° १७′ २१″ हे मूल्य धरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारायंत्राने वेळेचे संकेत थेट पाठविता येऊ लागले, आणि खरे मूल्य ८०° १४′ ५४″ च्या जवळ आहे, हे सिद्ध झाले. खांब तसूभरही हलला नव्हता. पण सर्वेक्षणाच्या नकाशांवर तो, आणि त्याच्याबरोबर सगळा देश, सुमारे साडेचार किलोमीटर पूर्वेला सरकलेला होता.

अशा वेळी काय करावे? एव्हाना कितीतरी नकाशे कोरून झाले होते. ते सर्व नव्याने कोरण्याऐवजी, रेखांशांतून २′ २७″ वजा करावेत, अशी सूचना देण्याचा मार्ग स्वीकारला गेला. प्रथमदर्शनी ही चालढकल वाटते. वास्तविक हा पक्का अभियांत्रिकी निर्णय होता. चूक सर्वत्र सारखी असल्यामुळे पुणे आणि नागपूर यांच्यातील अंतर बिघडले नव्हते. रस्ता, कालवा किंवा रेल्वेमार्ग आखणाऱ्याला त्याचा उपद्रव नव्हता. ज्याला ग्रिनिचपासूनचे स्थान हवे, त्यानेच वजाबाकी करावयाची होती. मूळची आखणी एकाच बिंदूवर बेतलेली होती, म्हणूनच दुरुस्तीही एका आकड्यात मावली. दहा ठिकाणांहून दहा रेखांश घेतले असते, तर दहा वेगवेगळ्या चुका नकाशात विखुरल्या असत्या.

रेल्वे आली तेव्हा या खोलीतील वेळेला टॉपिंगच्या कल्पनेतही नसलेला उपयोग सापडला. मद्रास हे मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मधल्या रेखांशावर असल्याने देशभरच्या गाड्या मद्रास वेळेनुसार धावू लागल्या. मुंबईकराला स्वतःच्या घड्याळात मिनिटे मिळवून स्टेशन गाठावे लागे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली आणि हे काम संपले.

तोपर्यंत वेधशाळेपुढचा प्रश्नही बदलला होता. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सूर्यावरील घडामोडींचा आणि मोसमी पावसाचा काही संबंध आहे काय, हे तपासण्याची निकड वाटू लागली. त्यासाठी स्थिर खांबापेक्षा स्वच्छ, विरळ हवा हवी होती, आणि ती समुद्रकाठी मिळणे शक्य नव्हते. १८९९ मध्ये वेधशाळेचे खगोलशास्त्रीय काम कोडाईकनालच्या डोंगरावर गेले. पेट्रीच्या संग्रहातील, जॉन शेल्टन याने बनविलेले घड्याळही तिकडे गेले. खांब हलविण्याजोगा नव्हता. तो जागीच राहिला. नुंगंबाक्कमला हवामानाची निरीक्षणे चालू राहिली. चेन्नईच्या पावसाचा जो आकडा वृत्तपत्रांत ‘नुंगंबाक्कम’ या नावाखाली छापला जातो, तो याच आवारात मोजलेला असतो.