वर्गसमीकरणाची दोन उत्तरे : खोडायचे कोणते?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसू लागतो. अंगठ्यासारखा उभा असलेला हा सुळका सुमारे १२५ फूट, म्हणजे अदमासे ३८ मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहून सरळ वर फेकलेला चेंडू माथ्याइतका उंच जाईल का? प्रत्यक्ष फेकून मात्र पाहू नका! तेथे पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात. आपण चेंडू कागदावरच फेकू.

वर जाणाऱ्या चेंडूची गती गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद एवढी कमी होते. सोयीसाठी ही संख्या १० धरू आणि हवेचा विरोध सोडून देऊ. सुरुवातीची गती ग, काळ क सेकंद आणि उंची उ मीटर मानली, तर

उ = गक − ५क²

उंची ३८ मीटर हवी, म्हणून

५क² − गक + ३८ = ०

हे वर्गसमीकरण झाले. याचा विवेचक ग² − ७६० आहे. आता गती २० घ्या. विवेचक ४०० − ७६० = −३६०. तो ऋण आहे, म्हणून वास्तव मुळे नाहीत. याचा अर्थ सरळ आहे : चेंडू माथ्यापर्यंत पोहोचतच नाही.

गती ३० घेतली तर विवेचक १४० येतो आणि क = १.८२ किंवा ४.१८ सेकंद. यातले खरे कोणते? दोन्ही! चेंडू वर जाताना एकदा माथ्यापाशी येतो आणि खाली येताना पुन्हा एकदा. विवेचक शून्य झाला, तर दोन्ही वेळा एकच होतात. त्यासाठी गती सुमारे २७.६ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी जवळजवळ १०० किलोमीटर हवी. यापेक्षा कमी गती पुरणार नाही.

आता २५ मीटर उंचीच्या गच्चीवरून २० मीटर प्रतिसेकंद गतीने चेंडू वर फेका. तो जमिनीवर केव्हा पडेल?

२५ + २०क − ५क² = ०
क² − ४क − ५ = ०
(क − ५)(क + १) = ०

क = ५ किंवा −१. चेंडू फेकण्यापूर्वी पडणार नाही, म्हणून −१ आपण खोडतो. पण खोडण्यापूर्वी त्याला अर्थ विचारा. तोच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून ३० च्या गतीने निघाला असता, तर गच्चीपाशी बरोबर २० च्या गतीनेच आला असता. −१ हे त्या न घडलेल्या प्रवासाच्या आरंभाचे उत्तर आहे!

चेंडू तिरपा फेकला, तरी हाच काळ उपयोगी पडतो. वर जाण्याची गती २० आणि आडवी गती ६ असेल, तर ५ सेकंदांत तो ५ × ६ = ३० मीटर दूर पडेल. त्याचा मार्ग अन्वस्त असतो, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दाखवले.

दोन उत्तरांचा हा विचार आपल्याकडे त्याहून जुना आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (इ.स. ११५०) वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग रानात खेळतो आणि १२ वानर टेकडीवर आहेत. उत्तरे १६ आणि ४८, दोन्ही चालतात. दुसऱ्यात पंचमांशातून ३ वजा करून केलेला वर्ग गुहेत गेला आणि एक वानर फांदीवर दिसतो. उत्तरे ५० आणि ५. पण ५ चा पंचमांश १. त्यातून ३ वानर वजा कसे करणार? म्हणून ५ त्यांनी नाकारले.

तेव्हा समीकरण सुटले म्हणजे उदाहरण सुटले असे नाही. कोणते उत्तर ठेवायचे ते परिस्थिती सांगते.

आता हे तुम्ही करा : ३५ मीटर उंचीवरून ३० मीटर प्रतिसेकंद गतीने चेंडू सरळ वर फेकला. तो जमिनीवर केव्हा पडेल? आणि दुसरे उत्तर काय सांगते?