मीटर फसवतो, बल्ब नाही

रविवारी जुन्या बाजारात गेलास आणि यूपीएस उचलून आणलास. विकणारा म्हणाला, "फक्त बॅटरी गेलीय," आणि तू विश्वास ठेवलास. ठेव. या एका बाबतीत जुन्या बाजारातला माणूस बहुतेक वेळा खरं बोलतो. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर 'मेला' म्हणून आलेले बहुतेक डबे बॅटरीपायीच मेलेले असायचे. डबा धडधाकट, आतला शिशाचा ठोकळा तेवढा म्हातारा.

आधी भिंतीतली पिन काढ. पण पिन काढली म्हणजे डबा शांत झाला, असं धरू नकोस. चालू असलेला यूपीएस मागच्या सॉकेटांत २३० व्होल्ट देतच राहतो, त्याचं कामच ते. बटण बंद कर, मग झाकण उघड. काळी वायर आधी सोडायची, लाल नंतर. जोडताना लाल आधी, काळी नंतर. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेव. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण एवढीशी बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते. माझा दहाचा पाना एकदा दोन्ही टोकांना टेकला होता, त्याला पडलेली खाच तुला दाखवीन. आणि लाल-काळी उलट जोडलीस तर मॉस्फेट जातात, म्हणजे स्वस्तातला डबा महागात.

बॅटरी नीट बघ. सहाशे व्हीएच्या डब्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची एकच असते, हजाराच्यात बहुधा दोन, सिरीजमध्ये. अंगावर तारीख छापलेली असते, ती वाच. पोट फुगलं असेल किंवा कडेला तडा असेल, तर तिच्यावर इलाज नाही. फुगून डब्यात अडकली असेल तर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नकोस, पत्रा सैल कर.

आता मीटर. पूर्ण चार्ज होऊन काही तास विसावलेली चांगली बॅटरी १२.७-१२.८ व्होल्ट दाखवते. बाराच्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी. रात्रभर चार्ज करूनही साडेदहावर अडली, तर सहा घरांपैकी एक घर बसलंय, सोडून दे. पण पोरं इथेच फसतात. साडेबारा दिसले की खूश. अरे, दुखणाईत माणूसही खाटेवर पडल्यापडल्या ठणठणीत दिसतो! त्याला जिना चढायला लाव.

जिना म्हणजे मोटारसायकलच्या ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. बॅटरीला लाव आणि मीटर जोडूनच ठेव. सात अँपिअर-तासाची नवी बॅटरी त्याला तीन तासांच्या आसपास पुरते. पंधरा मिनिटांत आकडा साडेअकराखाली घसरला, तर काय समजायचं ते समज. आणि दोनशे वॅटचा कॉम्प्युटर याच बॅटरीतून वीस अँपिअर मागतो, हेही ध्यानात घे.

उगाच पडून राहून रिकामी झालेली बॅटरी मात्र कधीकधी उठते. ती डब्यातल्या चार्जरवर नाही, बाहेरच्यावर उठव. १४.४ व्होल्ट, आणि प्रवाह पाऊण अँपिअरच्या वर नाही. पहिले काही तास ती प्रवाह घेणारच नाही. प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलेलं असतं. घाई करून व्होल्टेज वाढवू नकोस. कोमट झाली तर चालेल, गरम झाली की बंद. दहा-बारा तास चार्ज, मग बल्ब, पुन्हा चार्ज, असे दोन-तीन फेरे दे. खोली हवेशीर असू दे. वरची पट्टी उचकटून डिस्टिल्ड वॉटर घालतात, मीही घातलंय. खरं सांगू? चार दिवस जीव धरते आणि पुन्हा बसते. हौस म्हणून कर, पण डोळ्यांवर चष्मा ठेव आणि त्या बॅटरीच्या भरवशावर कुणाला डबा विकू नकोस.

आता डब्याकडे वळ. पहिल्यांदा चालू करताना तो सिरीज बोर्डावर, शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बमधून लाव. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भकाभका पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. मग थेट मेनवर घेऊन बॅटरीच्या टोकांवर चार्जिंग मोज. त्या वेळी एकच हात आत, दुसरा खिशात. बॅटरी भरल्यावर १३.५ ते १३.८ हवेत. साडेचौदा कायम दिसत असतील तर नवी घातलेली बॅटरीही वर्षभरात वाळेल. बॅटरी खाणारा डबा तो हाच. लोक बॅटरीवाल्याला शिव्या देतात.

बॅटरीच्या वायरीच्या टोकाची थिंबल बघ. सैल आणि काळी पडली असेल, तर बॅटरी नवी असूनही डबा टीं-टीं करत बंद पडतो. पकडीने हलकी दाब. नव्या बॅटरीचं पातं ४.८ मिलिमीटरचं की ६.३ चं, हे दुकानात जाण्याआधी मोजून ने, नाहीतर तापकीर गल्लीतल्या दुकानाची दुसरी खेप नक्की.

नवी घेताना तारीख बघ आणि वजन कर. सात अँपिअर-तासाच्या बॅटरीचं वजन दोन किलोच्या आसपास हवं. हातात हलकी लागली तर आत शिसं कमी. दोन लागत असतील तर दोन्ही एकदम बदल. जुनी-नवी जोडी लावलीस तर जुनी नवीला घेऊन बुडते. कुणी सांगेल, मोटारीची मोठी बॅटरी लाव, तासभर चालेल. छोट्या डब्याचा ट्रान्सफॉर्मर काही मिनिटांपुरताच बनवलेला असतो, तासभर चालवलास तर शेकेल. लेझर प्रिंटर तर यूपीएसवर लावूच नकोस.

मग डब्याला जागा थंड दे. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, असा या बॅटऱ्यांचा ढोबळ हिशोब आहे. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवलास तर तीन वर्षांची बॅटरी दीड वर्षात संपेल. वापरात नसेल तर तीन महिन्यांतून एकदा चार्ज कर.

आणि तुझी जुनी बॅटरी अर्धवट उठली असेल, तर तिच्यावर फक्त राउटर चालव. तोही चालला नाही तर ती नवीच्या बदल्यात दुकानदाराला परत दे, भंगारात फोडायला नको. आत शिसं आणि आम्ल आहे. माझ्या टेबलाखालचा डबा २००९ सालचा, लोडशेडिंगच्या दिवसांतला. त्यात सध्या पाचवी बॅटरी आहे.