मूडबोर्डाच्या आधी

तुझी आतापर्यंतची सगळी कलेक्शन्स काल रात्री सलग पाहिली. फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता, म्हणून हे निवांत लिहून पाठवते आहे. फायनलला विषय सुचत नाही, गाइड म्हणतात ‘इन्स्पिरेशन कच्चं आहे’, आणि वर्गातल्या बाकीच्यांचे बोर्ड लागलेसुद्धा. मला ताई म्हणतेस ना, मग ऐक. तुझ्या हातात कसब आहे, रंगाची जाण तर माझ्यापेक्षा चांगली आहे. फक्त तू चित्रापाशी पोचलीस की थांबतेस.

पहिल्या वर्षाचं वारली घे. गेरूच्या रंगाच्या कुर्त्या, पांढऱ्या आकृत्या, घेराला तारपा नाच. छपाई स्वच्छ आहे, शिलाई नीट आहे. पण त्याच कुर्त्यांवर वारलीऐवजी मधुबनी छापलं असतं, तर कटमध्ये काय बदललं असतं? काहीच नाही. आता त्या आकृतीकडे कापड कापणारीच्या नजरेनं बघ. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वरचा खांद्याला रुंद आणि कमरेला निमुळता, खालचा त्याच्या उलट. अगं, ही तर आयती सिल्हूट आहे! खांद्यावर रुंद योक, कमरेशी सगळं एकवटलेलं, खाली कळ्या. एकही डार्ट न घालता, नुसते त्रिकोणी तुकडे जोडून अंगाला बसणारं जॅकेट होईल का? हा प्रश्न घेऊन महिनाभर मांजरपाट फाडत बसली असतीस, तर एकही आकृती न छापता ते कलेक्शन वारली झालं असतं.

आणि तेवढं जवळ गेलीस की पुढचंही कळतं. लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं विधीबाहेर आणली, भिंतीवरून कागदावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चौक हा लग्नाचा विधी आहे हे एकदा मनात बसलं, की तो कुर्तीच्या मागच्या भागावर, बसायच्या जागी छापायचा का, हे तुला कोणी सांगावं लागत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या ‘समुद्रा’बद्दल फार बोलत नाही. निळं जॉर्जेट आणि फ्रिलच्या लाटा. ते घाईत झालं, तुलाही ठाऊक आहे.

तू सारखी लंडनच्या सेंट मार्टिन्सची नावं घेतेस, म्हणून तिथलंच सांगते. १९८४ साली जॉन गॅलियानोनं पदवीचं कलेक्शन केलं, फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या छानछोकी तरुणांवर. विषय दोनशे वर्षं जुना आणि परदेशातला. पण शिकत असताना तो नॅशनल थिएटरमध्ये नटांना कपडे चढवायचं काम करत होता. जुन्या पद्धतीचा कोट अंगावर कसा चढतो, माणूस वळला की कुठे ओढला जातो, हे त्याच्या बोटांना माहीत होतं. ‘ब्राउन्स’च्या जोन बर्स्टीन यांनी ते अख्खं कलेक्शन घेऊन दुकानाच्या खिडकीत लावलं.

अलेक्झांडर मॅक्वीनचं १९९२चं कलेक्शन तर जॅक द रिपरच्या खुनांवर होतं. पोरगा ईस्ट एंडचा, टॅक्सीवाल्याचा मुलगा. ते खून त्याच भागातले, १८८८चे. कपड्यांत त्यानं माणसाचे केस घातले होते, कारण व्हिक्टोरियन काळात प्रेमाची खूण म्हणून केसांची बट देत. फॅशन संपादक इझाबेला ब्लो यांनी ते सगळं पाच हजार पौंडांना घेतलं, पैसे हप्त्याहप्त्यानं दिले. हा किस्सा तुम्ही सगळ्या एकमेकींना सांगता, पण त्याच्या आधीचा भाग कोणी सांगत नाही. सोळाव्या वर्षापासून तो सॅव्हिल रोवर शिंप्यांच्या हाताखाली जॅकेट शिवत होता. ती भीषण कल्पना उभी राहिली ती त्या शिलाईच्या जोरावर.

मला सर्वांत जास्त आवडतं ते हुसेन चालायानचं, १९९३चं. त्यानं कपड्यांना लोखंडाचा कीस लावून ते मैत्रीतल्या कुणाच्या तरी घराच्या बागेत पुरले आणि शोच्या आधी उकरून काढले. मातीनं आणि गंजानं जे केलं तेच त्याचं डिझाइन. तिथे बोर्डावर चिकटवायला चित्र कुठलं होतं? होती ती एक कृती. काय पुरायचं, किती दिवस, कापड किती तग धरेल, हे त्यानं करून पाहिलं.

तेव्हा विषय जवळचा की लांबचा, यावर अडू नकोस. तुझा हात तिथवर पोचलाय का, एवढंच स्वतःला विचार.

आता तुझा सध्याचा बोर्ड. आइसलँडच्या हिमनद्या. फोटो सुंदर आहेत, पण ज्युरीनं विचारलं की हा बर्फ कापडात कसा आला, तर तू रंगापलीकडे काय सांगशील? आणि तुझं आजोळ माण तालुक्यात आहे, गं! दख्खनी मेंढरांची लोकर, ती कातणाऱ्या बायका, खड्ड्याच्या मागावर विणणारे सणगर, चिंचोक्याची खळ हे सगळं तू लहानपणापासून पाहिलं आहेस. पावसात मामा घोंगडीची खोळ करतात, ती आठव. चौकोनी कापड, कुठे कात्री नाही, टाका नाही. एक कोपरा आत दुमडला की डोक्याला टोपडं आणि पाठीवर झूल, दोन्ही एकदम. डिझायनर इस्से मियाके जन्मभर एका अखंड कापडाच्या मागे लागला होता, आणि तुझ्या घरी तो विचार दाराच्या खुंटीला टांगलेला असतो.

घ्यायचंच म्हणून मी सांगत नाही. पण घेतलंस तर अडचणींसकट घे. ती लोकर टोचते, म्हणून आतून मऊ सुती अस्तर लागेल. जाड असल्यामुळे डार्ट बसणार नाही, शिवणीही कमीच घालाव्या लागतील. या अडचणींमधूनच तुझे कट निघतील. रंग तर मेंढरांनीच ठरवून दिलेत: काळा, तपकिरी, पांढरट. उगाच नीळ घालू नकोस.

आणखी एक, याबाबत मी जरा कडक आहे. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. कारागिरांनी आवाज उठवला, तेव्हा कंपनीनं उगम मान्य केला. तू तेव्हा किती संतापली होतीस! मग तुझ्या पोर्टफोलिओत विणणाऱ्याचं, आरीकाम करणाऱ्याचं नाव त्यांना विचारून पहिल्या पानावर घाल, आणि त्यांनी सांगितलेली मजुरी घासाघीस न करता दे. गोव्यात डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी पुन्हा मागावर आणायला धडपड केली. नुसत्या लाल-पांढऱ्या चौकड्यांवर ते भुलले, असं नव्हतं. ती कोण नेसत होतं, खांद्यावर गाठ कशी मारत होतं, याचा त्यांनी शोध घेतला. ‘मोडा गोवा’ हे त्यांचं २०१२चं पुस्तक ग्रंथालयात मिळालं तर वाच.

पैशाचं मुद्दाम शेवटी ठेवलं. आईच्या पाटल्यांचा विषय निघाला होता, असं मामी म्हणाली. तो तिथेच थांबव. गाइडना विचारून सहाऐवजी चार पोशाख कर, भरतकाम कमी ठेव, महागडं फोटोशूट नको. चांगला कट पाहायला ज्युरीला पंधराशे रुपये मीटरचं कापड लागत नाही.

शनिवारी आजोळी जा. फोन पिशवीत ठेव आणि खोळ हातानं काढ, समोरून, मागून, दुमडताना, सोडताना. मामांना दहा वेळा घालून दाखवायला लाव, ते कंटाळणार नाहीत. मग रविवारी रात्री माझ्याकडे ये, येताना आठ मीटर मांजरपाट आण. ते पाण्यातून काढून, इस्त्री करून आण, नाहीतर आटेल आणि मापं चुकतील. अर्ध्या मापाचा स्टँड माझ्याकडे आहे.