भूकंपाची लिपी

मुलांनो, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची ही गोष्ट आहे. सव्वाचार वाजून गेले होते. सातारा जिल्ह्यातील कोयनानगर गाढ झोपेत असता भूमी एकाएकी हादरली. पाहता पाहता घरे ढासळली आणि सुमारे १८० माणसे प्राणास मुकली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणास वरच्या भागात तडे गेले. परंतु धरण उभे राहिले. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे, ही पुष्कळांची समजूत त्या पहाटे खोटी ठरली.

त्या अंधारात एक साक्षीदार मात्र जागा होता. धरणाच्या पोटात त्वरणलेखक नावाचे यंत्र बसविलेले होते. भूमीच्या हालचालीचा वेग किती झपाट्याने बदलतो, हे असे यंत्र नागमोडी रेषेने लिहून ठेवते. त्या लेखावरून असे दिसून आले, की आडव्या धक्क्याचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. धरणे बांधणारे जगभरचे अभियंते आजही त्या लेखाचा अभ्यास करतात.

ही लिपी वाचावी कशी? भूकंपाच्या प्राथमिक लहरी वेगवान असतात. त्या आधी येतात. दुय्यम लहरी मागाहून येतात. दोहोंच्या आगमनात १० सेकंदांचे अंतर पडले, तर भूकंपाचे स्थान सुमारे ८० किलोमीटरवर आहे असे समजावे. तीन ठिकाणचे लेख जुळविले, म्हणजे ते स्थान नकाशावर दाखविता येते.

पण मोठा भूकंप एका बिंदूवर संपत नाही. कापड एका टोकाशी फाटू लागले, की चीर पुढे पुढे धावते. तसाच खडकातील भंगही एका ठिकाणी सुरू होतो आणि बहुधा सेकंदाला दोन ते तीन किलोमीटर वेगाने पुढे सरकतो. भुसावळच्या रुळांजवळ उभे राहिल्यास येणाऱ्या गाडीची शिटी तीक्ष्ण वाटते आणि दूर जाणाऱ्या गाडीची मंद वाटते. तद्वतच, भंग ज्या दिशेने धावतो तिकडच्या यंत्रांवर थोडा वेळ टिकणारा पण जोरदार कंप उमटतो. मागील बाजूस तो लांबलेला व सौम्य असतो. अशा अनेक लेखांची तुलना करून भंग कोणत्या दिशेने व किती दूर गेला, हे शास्त्रज्ञ ठरवितात. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ सुरू झालेला भंग सुमारे १,३०० किलोमीटर धावला. त्यास जवळजवळ दहा मिनिटे लागली.

आपल्या खानदेशानेही या विषयाकडे पाठ फिरवू नये. उत्तरेस सातपुडा आणि त्याच्या पायथ्याशी पश्चिमेकडे वाहणारी तापी, हा सारा प्रदेश जुन्या प्रस्तरभंगांच्या पट्ट्यात येतो. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याच्या परिसरात मोठा भूकंप झाला होता. शिवाय नदीकाठच्या गाळाच्या जाड थरांत कंप अधिक वाढू शकतो. म्हणून जळगाव-धुळ्याकडे घर, शाळा वा पूल बांधताना भूमी कशी हलेल याचा विचार आधीच केला पाहिजे.

भूकंप केव्हा येईल, हे मनुष्यास अद्याप सांगता येत नाही. मात्र येऊन गेलेला भूकंप जे लिहून जातो, ते नीट वाचले तर पुढच्या पिढीची घरे वाचतील.

स्वाध्याय

१. त्वरणलेखक कशाची नोंद करतो?
२. दोन लहरींत ५ सेकंदांचे अंतर पडल्यास भूकंपाचे स्थान सुमारे किती दूर असेल?
३. ‘पाठ फिरविणे’ व ‘प्राणास मुकणे’ हे वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत योजा.