शितावरून भात, पण किती शितांवरून?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकसारखा शिजलेला असतो. जिल्ह्यातील मुलांचे आरोग्य तसे नसते. नदीकाठच्या तालुक्यात एक स्थिती, तर डोंगरातल्या तालुक्यात दुसरी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ७०७ जिल्ह्यांतील सुमारे ६ लाख ३७ हजार घरांची पाहणी झाली. पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.५ टक्के मुले खुजी, म्हणजे वयाच्या मानाने फारच कमी उंचीची, आढळली. देशाचा हा आकडा भरवशाचा आहे. परंतु जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी नऊशेच घरे येतात आणि त्यांत लहान मुले तीनशेच्या आसपास. ती तालुक्यांत वाटली तर हाती काय उरणार? आणि पोषणाची जादा मदत आधी कोणत्या तालुक्याला द्यावी, हे तर ठरवायचे असते.

समजा, एका तालुक्यात खुज्या मुलांचे खरे प्रमाण ३६ टक्के आहे व नमुन्यात १६ मुले आली. नमुन्याची प्रमाण त्रुटी अशी निघते:

√(०.३६ × ०.६४ ÷ १६) = ०.४८ ÷ ४ = ०.१२

म्हणजे १२ टक्के. दोन्ही बाजूंना हिच्या दुप्पट अंतर धरले, तर उत्तर १२ ते ६० टक्क्यांत कोठेही येऊ शकते! खरी त्रुटी याहूनही मोठी असते. सर्वेक्षक निवडलेल्या प्रत्येक गावात २२ घरे घेतात, आणि एकाच विहिरीचे पाणी पिणारी मुले बरीचशी एकमेकांसारखी निघतात.

अमेरिकेच्या जनगणना कार्यालयातील रॉबर्ट फे व रॉजर हेरियट यांनी १९७९ साली असाच पेच सोडवला. त्यांना हजाराहून कमी वस्तीच्या गावांचे दरडोई उत्पन्न हवे होते. त्यांची युक्ती उसनवारीची आहे. आपल्या तालुक्यातील स्त्रियांची साक्षरता, पाण्याची सोय वगैरे गोष्टी जनगणनेतून कळतात. अशा गोष्टींचा खुजेपणाशी असलेला संबंध सर्व तालुक्यांवरून काढायचा व त्यावरून आपल्या तालुक्याचा अंदाज बांधायचा.

समजा, हा अंदाज ३६ टक्के आला व त्याची त्रुटी ६ आहे. प्रत्यक्ष नमुन्यात मात्र १६ पैकी ८ मुले, म्हणजे ५० टक्के, खुजी निघाली. दोघांना त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन देऊ. वर्ग १४४ व ३६, म्हणून नमुन्याला १ आणि अंदाजाला ४:

(५० × १ + ३६ × ४) ÷ ५ = ३८.८ टक्के

नमुन्यात १४४ मुले असती तर त्रुटी ४ झाली असती. मग वजने ९ व ४, आणि उत्तर सुमारे ४५.७. माहिती जितकी भक्कम, तितके तिचे ऐकायचे. मला या रीतीतला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

धोका आहेच. एखाद्या तालुक्यात ५० टक्के मुले खरोखरच खुजी असतील, तर ही रीत त्यांना शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढते आणि मदतीच्या यादीत तो तालुका खाली घसरतो. अशा ठिकाणी जास्त मुलांची उंची प्रत्यक्ष मोजल्यावाचून गत्यंतर नाही.

वर्गात करून पाहा: डब्यात ३६ लाल व ६४ पांढरे मणी मिसळा. प्रत्येकाने डोळे मिटून १६ मणी काढावेत, लाल मोजावेत आणि सर्व परत टाकून डबा हलवावा. सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा.