उन्हाळ्यात लहान होडीतून मासेमारी : आधी परतीची वेळ ठरवा



मे महिना लागला की कोयना खोऱ्यातील गावे भरतात. वर्षभर कुलूप असलेली घरे उघडतात. मुंबईला कामाला असलेली मंडळी मुलाबाळांसह यात्रेला येतात. तरव्याची भाजावळ उरकलेली असते आणि पेरणीला अवकाश असतो. अशा मोकळ्या दिवसांत "काका, होडी काढा, मासे धरायला जाऊ" असा हट्ट घरोघर होतो. काकाही होडी काढतात. ठरलेले असतात तिघे, प्रत्यक्षात बसतात सहा. त्यांतील चौघांना पोहता येत नाही.

घरी खाण्यापुरते मासे धरणे हा जुना आणि चांगला उद्योग आहे. त्यास आमची हरकत नाही. परंतु ज्या जलाशयावर आपण हिवाळ्यात निर्धास्त फिरतो तोच जलाशय एप्रिल-मे महिन्यांत निराळा असतो. पाणी उतरलेले असते, काठ बदललेला असतो आणि दुपारनंतरच्या वाऱ्याचा नेम नसतो. याचे दुःखद उदाहरण उजनी जलाशयावर घडले. दि. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली. बोटीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण बुडाले. ती मासेमारीची होडी नव्हती हे खरे. पण वारा होडीचा प्रकार विचारून येत नाही. म्हणून या लेखात गळ आणि आमिषापेक्षा सहलीच्या आखणीबद्दल अधिक लिहिले आहे.

कोणत्या पाण्यात जावे?

पहिला प्रश्न परवानगीचा आहे. राज्यातील जलाशयांत मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने दिले जातात आणि बहुतेक ठिकाणी ते मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. गावापुढे पाणी आहे म्हणजे त्यातील मासा आपला, असे नाही. ज्या संस्थेकडे ठेका असेल तिच्याकडून रीतसर परवाना घ्यावा. संस्थेने मत्स्यबीज पैसे खर्चून सोडलेले असते हे ध्यानात ठेवावे.

कोयनेच्या शिवसागर जलाशयाबाबत आणखी एक गोष्ट आहे. जलाशयालगतचे जंगल १९८५ मध्ये कोयना अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०१० पासून ते चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. अभयारण्याच्या हद्दीत मासे धरणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा ठरतो. धरणाच्या भिंतीजवळील पाणी सुरक्षेच्या कारणास्तव प्रतिबंधित आहे. तेव्हा आपल्या गावापुढील पाणी कोणत्या हद्दीत येते, याची चौकशी वन परिक्षेत्र कार्यालयात आणि धरणाच्या कार्यालयात आधी करावी. उत्तर 'नाही' असे आले तर वाद घालू नये. सातारा जिल्ह्यात धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी अशी दुसरी पाणी आहेत. तेथील ठेकेदार संस्थेला भेटून दिवस ठरवावा.

धरणाच्या खालच्या बाजूस, हेळवाकपासून पाटणपर्यंतच्या नदीपात्रात, होडी मुळीच घालू नये. उन्हाळ्यात सांगलीकडील सिंचनासाठी पाण्याची मागणी येते तेव्हा धरणाच्या पायथा वीजगृहातून पाणी सोडले जाते. तेथील दोन्ही संच चालू असता २१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० हजार लिटर पाणी पात्रात येते. सकाळी गुडघाभर असलेली नदी त्यामुळे थोड्याच वेळात वाढते. गळ टाकून खडकावर बसणाऱ्यांनीही त्या दिवशी पाणी सुटणार आहे काय, हे विचारूनच बसावे.

पाणी कोठपर्यंत उतरले आहे?

शिवसागराची पूर्ण संचय पातळी २१६३ फूट ६ इंच आहे. पावसाळा संपताना पाणी तेथे असते. नंतर पश्चिमेकडे पोफळीच्या वीजगृहासाठी आणि पूर्वेकडे सिंचनासाठी ते खर्च होते. धरणाचे जलवर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत धरतात, म्हणजे मे महिना हा वर्षाचा तळ. अन्य धरणांचीही तऱ्हा थोड्याफार फरकाने हीच असते.

पाणी उतरले की तीन धोके वर येतात. एक म्हणजे खोडे. पाण्याखाली गेलेल्या झाडांची खोडे, जुन्या घरांचे चौथरे, बांध आणि विहिरींचे कठडे हिवाळ्यात वीस-तीस फूट खाली असतात. मेमध्ये ते पाण्याच्या वीतभर खाली येतात आणि दिसत नाहीत. फायबरच्या होडीचा तळ अशा खोडावर सहज फाटतो. अशा ठिकाणांची माहिती गावातील साठी उलटलेल्या माणसांना असते. जुनी वस्ती कोठे होती, आंबराई कोठे होती, हे त्यांना निघण्यापूर्वी विचारावे. या माहितीला नकाशाची सर नाही.

दुसरा धोका गाळाचा. उघड्या पडलेल्या काठावर वरून भेगाळलेली कोरडी पापडी असते आणि खाली मांडीभर चिखल. होडीतून उत्साहाने उडी मारणारा पाहुणा कमरेपर्यंत रुततो. उतरताना आधी वल्ह्याने जमीन चाचपावी. शक्यतो मुरमाड किंवा खडकाळ ठिकाणीच होडी लावावी. तिसरा धोका म्हणजे काठाचा उतार. डोंगरातील जलाशयात चार पावले पाण्यात गेल्यावर पाचवे पाऊल तळ सोडते. मुलांना 'काठावर खेळा' म्हणून सोडून होडी घेऊन जाणे ही सर्वांत मोठी चूक होय.

परतीची वेळ आधी, निघण्याची नंतर

बहुतेक लोक निघण्याची वेळ ठरवितात आणि परतीची पाण्यावर सोडून देतात. उन्हाळ्यात याच्या उलट करावे.

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावून सुमारे ६५ किलोमीटर उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेस वळते. त्यामुळे जलाशय लांबट व अरुंद असून दोन्ही अंगांस उंच डोंगर आहेत. अशा जलाशयात वारा लांबीच्या दिशेने सुटला की लाटांना वाढावयास मैलोगणती मोकळे पाणी मिळते. एका टोकाला नुसती शिरशिरी असते, दुसऱ्या टोकाला होडी उचलणारी लाट. शिवाय वळवाचा ढग डोंगराआड तयार होतो आणि तो जवळजवळ डोक्यावर येईपर्यंत होडीतील माणसाला दिसत नाही. देशावरील सपाट मुलखात तासभर आधी ढग दिसतो, येथे तेवढी सवलत मिळत नाही.

उन्हाने जमीन तापते, हवा वर चढते आणि दुपारनंतर ढग फुगतात. ढगातून थंड हवा खाली कोसळते. ती पावसाच्या पुढे धावते आणि तीच होडी उलटविते. म्हणून गार झुळूक आणि ओल्या मातीचा वास आला म्हणजे तयारीची वेळ संपली असे समजावे. जवळचा काठ गाठावा, मग तो आपल्या गावचा नसला तरी चालेल. एकदा एका जलाशयावर आम्ही तिघे 'हे जाळे तेवढे उचलून निघू' म्हणून थांबलो. जाळे उचलायला लागली दहा मिनिटे आणि त्या दहा मिनिटांनी आम्हाला पुढे दीड तास वल्ही मारावी लागली. जाळे नंतरही मिळते.

आता हिशेब पाहू. दोन धडधाकट माणसे वल्ह्यांनी शांत पाण्यात तासाला साधारण ३ किलोमीटर होडी नेतात. समोरून वारा असला की हाच वेग निम्म्यावर येतो. मेमध्ये सकाळी ११ पर्यंत होडी काठाला लागलीच पाहिजे असे धरा. तुम्ही ३ किलोमीटर दूर गेलात, तर परतीस वाऱ्याविरुद्ध २ तास लागू शकतात. म्हणजे ९ वाजता गळ गुंडाळला पाहिजे. जाण्यास १ तास लागतो आणि गळ टाकून बसण्यास निदान अडीच तास हवेत. म्हणजे साडेपाचला निघावे लागेल. एवढ्या लवकर निघणे जमत नसेल तर दीड किलोमीटरच जावे. तेव्हा अर्धा तास जाण्यास आणि एक तास परतीस पुरतो, म्हणजे साडेसहाला निघून १० वाजेपर्यंत बसता येते. इंजिन असले तरी हा हिशेब वल्ह्यांचाच करावा, कारण इंजिन बंद पडते ते वाऱ्यातच.

घरी राहणाऱ्या माणसाला कोठे जातो, कोण कोण जातो आणि किती वाजता येतो हे सांगून जावे. 'बारापर्यंत आलो नाही तर शोधायला माणसे पाठवा' इतके स्पष्ट सांगावे. खोऱ्यात पुष्कळ ठिकाणी फोनला रेंज नसते. आदल्या रात्री हवामान खात्याचा अंदाज पाहावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप विजेची सूचना देते, ते सकाळी रेंजमध्ये असतानाच पाहावे. पाण्यावर असताना वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. अंक तीसच्या आत आला तर काठाकडे वळावे आणि काठावरही एकट्या झाडाखाली उभे राहू नये.

होडी व माणसे

दहा-बारा फुटी होडीत तीन माणसे पुरे. प्रत्येकी ६० किलो धरल्यास १८० किलो, नांगर, दोर, गळ, पाणी मिळून २५ किलो आणि मासे मिळालेच तर १० किलो. एवढे भरल्यावर होडीचा काठ पाण्याच्या वर निदान दीड वीत राहिला पाहिजे. हे काठाजवळ कमरभर पाण्यात भरून पाहावे. होडीत कोणी उभे राहू नये. मासा लागला की सगळे एकाच बाजूला वाकतात, तेथेच घात होतो.

प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे. आसनाखाली ठेवलेले जाकीट नसल्यासारखेच. जाकिटे कमी असतील तर माणसे कमी न्यावीत. त्याखेरीज होडीत झाकण घट्ट बसणारे ५ लिटरचे दोन-तीन रिकामे कॅन दोराने बांधून ठेवावेत. असा एक कॅन पाण्यात सुमारे ५ किलो भार तोलतो. पाण्यातील माणसाचे डोके वर ठेवण्यास तो आधार बहुधा पुरतो, पण तो जाकिटाची जागा घेऊ शकत नाही. पाणी उपसण्यास डबा, एक जादा वल्हे, शिट्टी, सुरी आणि माणशी तीन लिटर पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे. दारू मात्र घेऊ नये. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

होडी उलटलीच तर होडी सोडू नये. लाकडी होडी किंवा थर्माकोलचा तराफा उलटूनही तरंगतो. पाण्यावरून काठ नेहमी जवळ दिसतो आणि चांगला पोहणारा त्यानेच फसतो. पत्र्याची होडी मात्र तळाला जाते. तिच्या दोन्ही टोकांना हवाबंद पिंपे बसविल्याखेरीज ती खोल पाण्यात नेऊ नये.

मासे कोठे मिळतील?

पाणी जसे तापते तसा त्यातील प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांला साडेसात. म्हणून पहाटे व सायंकाळी मासा उथळ पाण्यात चरावयास येतो आणि ऊन चढले की खोल पाण्यात किंवा सावलीला जातो. सुदैवाने मासे मिळण्याची वेळ आणि सुरक्षित वेळ, दोन्ही सकाळचीच आहे. ओढे मिळतात ती तोंडे, खडकाळ टोके आणि झाडाची सावली पडलेला काठ येथे गळ टाकावा. भर जलाशयात जाण्याचे कारणच नाही. रोहू, मृगळ यांना कणीक व शेंगदाणा पेंडीचा गोळा चालतो, मरळ गांडुळावर किंवा लहान माशावर येते, चिलापी कशावरही.

मेअखेरीस कटला, रोहू, मृगळ यांच्या माद्या गाभोळीने भरू लागतात. मादीच्या वजनाच्या दर किलोमागे लाखाच्या आसपास अंडी असतात. पोट फुगलेली मादी आणि वीतभर लांबीची पिल्ले ओल्या हाताने गळ सोडवून परत सोडावीत. खडस म्हणजे आपल्याकडील महसीर. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून तिचे बीज मुद्दाम तयार करावे लागत आहे. ती गळाला आली तर तिला सोडून द्यावे, ही आमची विनंती.

उन्हाळ्यात मासा दोन तासांत नरम पडतो. निघताना माशाइतक्याच वजनाचा बर्फ जुन्या थर्मासच्या पेटीत घ्यावा. तो नसेल तर कल्ले व आतडी काढून मासे ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवावेत. होडीच्या तळातील कोमट पाण्यात टाकू नयेत.

परत आल्यावर होडी कोठे बांधता यालाही महत्त्व आहे. मे महिन्यातील पाण्याच्या कडेला ती बांधून ठेवली तर जूनच्या अखेरीस मोठा पाऊस लागताच एका रात्रीत पाणी चढते आणि होडी दोरासह बुडते किंवा वाहून जाते. ती ओढून पूर्ण संचय पातळीच्या रेषेच्या वर न्यावी. गेल्या पावसाळ्यात पाणी कोठपर्यंत आले होते ते काठावरील काटक्यांच्या व कचऱ्याच्या ओळीवरून कळते. तेथे ती पालथी घालून, खाली दोन ओंडके देऊन, झाडाला बांधावी. वल्ही घरी आणावीत.