साल्झबुर्गची अकरा मिनिटं

म्युनिकला आमच्या बाल्कनीतून स्वच्छ दिवशी आल्प्सची रांग दिसते. २०२५च्या जूनअखेर आई-बाबा सांगलीहून आले आणि बाबांनी ती पहिल्याच आठवड्यात हेरली. मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन तेच, "आज दिसतायत." त्या वाक्यात जो प्रश्न दडलेला असायचा, त्याला उत्तर म्हणून मी ऑस्ट्रियातलं त्सेल आम झे ठरवलं. तळ्याकाठचं गाव, स्टेशनातून बाहेर पडलं की समोर पाणी, आणि मागे १९६५ मीटरचा श्मिटनहोअे. बाबांना तो उच्चार शेवटपर्यंत जमला नाही. ते नातेवाइकांना फोनवर "सेलमला चाललोय" असं सांगत, आणि पलीकडचे तमिळनाडूतल्या हवेची चौकशी करत.

गणपतीच्या आधीचा शनिवार-रविवार-सोमवार धरला. माणसं साडेचार: आम्ही दोघं, आई-बाबा आणि पाच वर्षांचा लेक. त्याला दोन्ही देशांत तिकीट लागत नाही. (सहा पूर्ण होईस्तोवर फिरून घ्या, हे मी सगळ्याच आईबापांना सांगते.) म्युनिकहून सगळा मिळून चारएक तासांचा रस्ता. मी या शहरात नऊ वर्षं राहते, आकडेमोड हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. स्वस्तात कसं जायचं ते मला कुणी शिकवायला नको, असं मला वाटत होतं.

हिशोब वरवर बिनचूक होता. आमच्या चौघांकडे डॉइचलांड-टिकेट होतंच. आई-बाबांचंही मी काढलं होतं. महिन्याला तेव्हा ५८ युरो, जानेवारी २०२६पासून ६३. त्यात शहरातली मेट्रो, ट्राम, बस आणि देशभरातल्या प्रादेशिक गाड्या येतात. हे जर्मन तिकीट सीमा ओलांडून साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत चालतं, तसंच दुसऱ्या बाजूला कुफश्टाइनपर्यंतही. म्हणजे म्युनिक ते साल्झबुर्ग फुकटच म्हणायचं. पुढच्या तुकड्यासाठी ऑस्ट्रियन रेल्वेचं सवलतीचं तिकीट काढलं. हे आगाऊ घेतलं तर फार स्वस्त पडतं, पण ते एका ठरावीक गाडीला बांधलेलं असतं. साल्झबुर्गला आमची गाडी पोचणार आणि पुढची लांब पल्ल्याची गाडी सुटणार, यात अकरा मिनिटं होती. अॅपनं ती जोडी हिरव्या रंगात दाखवली. मीही मान डोलावली.

रेल्वेत सांधा म्हणतात तो रूळ बदलायच्या जागेला. गाडी धडधडत त्यावरून जाते तेव्हा डब्यातल्या उभ्या माणसाचा हात आपोआप दांडीकडे जातो. स्वस्त तिकिटांचे तुकडे जोडून केलेल्या प्रवासातही असाच एक सांधा असतो, आणि तो बहुतेक वेळा सीमेवरच्या स्टेशनात येतो. तिथे एक तिकीट संपतं, दुसरं सुरू होतं, आणि दोन्ही तिकिटांना एकमेकांची ओळख नसते.

त्या शनिवारी प्रीनला कीमझे तळं मागे पडलं तोवर सगळं छान चाललं होतं. आईनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं काढलं. समोरच्या बाकावर गिर्यारोहकांच्या काठ्या आणि पाठपिशव्यांचा ढीग होता. प्रादेशिक गाडीत आरक्षण नसतं, त्यामुळे उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी अर्धं म्युनिक तिच्यात शिरतं. नवरा दाराजवळ बॅगांवर बसला होता. त्राउनश्टाइनच्या अलीकडे गाडी थांबली. पाच मिनिटं. दहा. कुणी काही बोलेना. काठ्यावाल्या मंडळींना घाई नव्हती, त्यांचा डोंगर कुठे जाणार होता? मी मात्र दर वीस सेकंदांनी अॅप बघत होते. हिरवा रंग नारिंगी झाला, नारिंगीचा लाल.

साल्झबुर्गला सतरा मिनिटं उशिरा उतरलो. बाबांचा गुडघा, लेकाची झोप आणि तीन बॅगा सांभाळत आम्ही जिना उतरून चढलो तेव्हा फलाट रिकामा होता. खिडकीवरच्या बाईंनी तिकीट बघून शांतपणे सांगितलं, की हे त्याच गाडीचं आहे, आणि ती गाडी गेली. मी पहिल्या गाडीचा उशीर पुढे केला. त्यांनी विचारलं, दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत का? नव्हते. चौघांची नवीन तिकिटं, पूर्ण दरानं. सवलतीत जे वाचलं होतं ते गेलंच, वर खिशातूनही गेलं.

हा मुद्दा नीट समजून घ्या. म्युनिक ते त्सेल असं अखंड एकच तिकीट असतं, तर गाडी चुकल्यावर पुढच्या गाडीनं जायचा हक्क होता. शिवाय युरोपियन नियमाप्रमाणे मुक्कामी पोचायला ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, १२० मिनिटं झाला तर ५० टक्के परत मागता येतात. दोन तुटक तिकिटांच्या मधली फट मात्र ज्याची त्याची. गंमत म्हणजे आम्ही चुकवलेली ती गाडी जर्मनीतूनच, म्युनिकवरूनच येते. तिचंच आगाऊ तिकीट घेतलं असतं तर साल्झबुर्गला उतरायचंही कारण नव्हतं. मी ते पाहिलंही होतं, पण "साल्झबुर्गपर्यंत तर आपलं फुकट आहे" या मोहापायी सोडून दिलं. हातात पास असला की माणसाला तो वापरल्याशिवाय राहवत नाही.

पुढची प्रादेशिक गाडी मात्र झकास निघाली. वेर्फनचा डोंगरमाथ्यावरचा किल्ला बाबांनी दोन्ही खिडक्यांतून बघितला. ही लाइन १८७५ची, सम्राट फ्रान्झ योझेफच्या मुलीच्या, गिझेलाच्या नावानं ओळखली गेलेली. चुकलेल्या गाडीतून गेलो असतो तर श्वार्झाखला उतरून पुन्हा बदलावं लागलं असतं. ही थेट त्सेलला आली. म्हणजे मी जास्त कटकटीची गाडी निवडली होती आणि तिला स्वस्त समजत होते.

खरी चपराक पेन्शनमध्ये बसली. (पेन्शन म्हणजे इकडे घरगुती लॉज, बाबांना वाटलं निवृत्तांसाठी काही सोय आहे.) मालकीणबाईंनी विचारलं, प्रवास कसा झाला? मी सगळं रामायण सांगितलं. त्यांनी ओठ मिटले, फोन काढला आणि मला त्यांनीच पाठवलेली मेल दाखवली. १ मे २०२५पासून साल्झबुर्ग प्रांतात मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांना प्रांतभराच्या बस आणि प्रादेशिक गाड्यांसाठी एक तिकीट मिळतं. पैसे प्रत्येक रात्रीमागच्या छोट्या शुल्कातून आधीच घेतलेले असतात. ऑनलाइन चेक-इन आधी करून टाकलं की ते मोबाईलवर येतं आणि पोचायच्या दिवसापासून, म्हणजे येतानाच्या प्रवासालाही चालतं. साल्झबुर्गचं स्टेशन त्याच प्रांतात. थोडक्यात, ज्या तुकड्याचे मी दोनदा पैसे भरले तो आम्हाला तिसऱ्याच वाटेनं मिळालेला होता, आणि ती मेल माझ्या इनबॉक्समध्ये जाहिरातींच्या कप्प्यात पडून होती.

म्हणून आता कुणी विचारलं, की मी पहिल्यांदा मुक्कामाची जागा बघायला सांगते, गाडी मागून. आल्प्समधल्या बऱ्याच गावांत पाहुण्याला काही ना काही कार्ड मिळतं. त्सेल-काप्रुनला उन्हाळ्यात सहभागी हॉटेलांतून जे समर कार्ड मिळतं त्यात रोपवेसुद्धा येतात. किट्झश्टाइनहॉर्नवर ३०२९ मीटरपर्यंत पाळण्यानं जाता येतं, आणि ऑगस्टमध्ये बर्फ हाताळायला मिळाल्यावर सांगलीकर आजोबा नातवापेक्षा लहान होतात. चार माणसांची रोपवेची तिकिटं वेगळी काढून बघा, मग रात्रीला पाच-सात युरो महाग खोली कशी स्वस्त ते कळेल.

आई-बाबांसारखे पाहुणे थोड्याच दिवसांसाठी आले असतील तर डॉइचलांड-टिकेटच्या भानगडीत पडू नका. बायर्न-टिकेट हे दिवसाचं तिकीट पाच जणांपर्यंत एकत्र निघतं आणि तेही साल्झबुर्गपर्यंत चालतं. फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच. अॅपमध्ये "फक्त प्रादेशिक गाड्या" ही खूण करायला विसरू नका, नाहीतर ते आधी जलद गाड्या दाखवतं आणि त्यांत यातलं एकही तिकीट चालत नाही. डॉइचलांड-टिकेट हे तिकीट नसून वर्गणी आहे. महिनाअखेर बंद करायची तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावी लागते. आई-बाबा सप्टेंबरात परत गेले, मी रद्द केली १२ तारखेला. ऑक्टोबरभर बाबा सांगलीत बसून म्युनिकच्या ट्रामचे पैसे भरत होते. अजून टोमणा मारतात.

बाकी तीन दिवस मजेत गेले. त्सेलहून अरुंद मापाची एक गाडी १८९८पासून दरीत वर जाते. रूळ ७६० मिलिमीटरचे. बाबांनी खाली वाकून वीत लावून बघितली आणि नेरळ-माथेरानची याहून अरुंद असल्याचं जाहीर केलं. ते खरं आहे, ती दोन फुटांची.

परतताना मी साल्झबुर्गला तासाभराचा अवकाश ठेवला. तिथपर्यंतचं तिकीट पाहुण्यांचं, पुढे आपापला पास, आणि मध्ये कुठल्याच गाडीला बांधलेलं काही नाही. बाकावर बसून उरलेल्या दशम्या संपवल्या.

साल्झबुर्ग सोडलं की नदी ओलांडून पहिलं जर्मन स्टेशन फ्राइलासिंग. शेंगन म्हणजे सीमाच नाही असं आपण समजतो, पण इथे जर्मनीत शिरणाऱ्या गाड्यांत पोलीस चढतात. निघायच्या दिवशी आईनं दोघांचे पासपोर्ट कापडी पाकिटात घालून कमरेला बांधले, तेव्हा मी हसले होते. "आई, फोटो आहेत माझ्या फोनमध्ये. इकडे कुणी विचारत नाही." मी स्वतः फक्त जर्मन निवासाचं कार्ड घेतलं होतं, पासपोर्ट घरी ड्रॉवरमध्ये. भारतीय माणसाला दुसऱ्या शेंगन देशात जाताना दोन्ही लागतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

दोन पोलीस आमच्या बाकापाशी आले. नवऱ्यानं आपला पासपोर्ट आणि कार्ड पुढे केलं. मी माझं कार्ड दिलं. त्यांतल्या तरुणानं ते उलटसुलट करून पासपोर्ट मागितला. मी जर्मनमध्ये शब्द जुळवत होते, तेवढ्यात आईनं पदराआड हात घालून पाकीट सोडलं आणि एकावर एक तीन निळ्या वह्या त्याच्या हातात ठेवल्या.

"तुझा ड्रॉवर उघडाच होता," ती म्हणाली.